श्रीफळ आणि नजमातली जर्सी

सत्काराशिवाय माझ्या नवऱ्याचा कुठलाही कार्यक्रम पुरा होत नाही. बिल्डिंगचा वॉचमन सुट्टीवर गावी निघाला, तरी याच्या हातात शाल आणि नारळ तयार. कतारमध्ये येऊन इतकी वर्षं झाली, पण हा किडा काही गेला नाही.

त्याची नोकरी हमद पोर्टवर, कंटेनरची कागदपत्रं सोडवायची. जीव मात्र शुक्रवारच्या फुटबॉल टीममध्ये. टीम म्हणजे दोह्याच्या नजमा भागात एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी आपली मंडळी: ड्रायव्हर, एसीवाले, वेल्डर. बायकामुलं सगळ्यांची गावी. शुक्रवारी सकाळी मैदानावर घाम गाळायचा आणि मग आमच्याकडे येऊन पोहे हाणायचे, एवढीच त्यांची चैन. मैदानाचं भाडं भरायचे एक मल्याळी दुकानदार. त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे, आणि एका परदेशी क्लबच्या अस्सल जर्सी विकायची एजन्सी. एक सीझन त्यांनी आम्हाला सांभाळलं. पुढच्या वर्षीचं काय, ते सांगायला ते समैस्माच्या किनाऱ्यावर आमच्या सहलीला येणार होते. ते नाही म्हणाले, तर शुक्रवारी या लोकांनी बंकवर पडून छताकडे बघत बसायचं, हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा नवऱ्याला कल्पना सुचली. शालीऐवजी जर्सी! त्यांच्याच क्लबची, लाल, छातीवर जर्सी बनवणाऱ्या कंपनीच्या नावासकट. शिवाय सगळ्या टीमच्या अंगावरही तीच. "आपला माल सगळ्यांनी घातलेला दिसला की माणसाला किती बरं वाटेल!" आणि या जर्सी आणल्या कुठून, तर नजमातल्या स्वस्त मालाच्या गल्लीतून. दिवसभर पोर्टवर लोकांच्या मालाचे कागद तपासणारा हा माणूस! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सहलीच्या दिवशी थंडीतली छान सकाळ होती. दुकानदार आले आणि लाल रांग बघून जरा थबकले. नवऱ्याने भाषण ठोकलं, त्यांच्या हातात नारळ दिला आणि खांद्यावर जर्सी पांघरली. त्यांनी सवयीने तिची कॉलर उलटून आतलं लेबल पाहिलं. चेहरा पडला. मग हसून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. टाळ्या चालूच होत्या.

चहा द्यायच्या निमित्ताने मी दोघांजवळ गेले.

"भाई, ये डुप्लिकेट है," दुकानदार हळूच म्हणत होते.

"पर नाम तो वही है ना?" नवरा भाबडेपणाने म्हणाला. "कंपनी का फ्री में ॲडव्हर्टाइज!"

"दो धुलाई में नाम उखड़ जाता है. लोग कंपनी पे हँसते हैं. ओरिजिनल बिकता नहीं, तो कंपनी क्लब को कम देती है और मेरे को कुछ भी नहीं देती. उसी में से आपका ग्राउंड भरता था मैं." त्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "आज मैं ना बोलने आया था. और आपने वही चीज मेरे को पहना दी."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. एरवी माइक न सोडणारा माझा नवरा खाली बघत बुटाने वाळू उकरू लागला. त्या घटकेला मला त्याची इतकी माया आली म्हणून सांगू!

टीममधला सगळ्यात थोराड गडी, बीडकडचा एक ट्रेलर ड्रायव्हर, मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

"आरं, काढा की रं ती अंगातली!" तो ओरडला आणि आपली जर्सी त्याने डोक्यावरून ओढून काढली. बघता बघता सगळी टीम बनियनवर. दुकानदार आधी गोंधळले, मग त्यांना हसू आवरेना. खांद्यावरची जर्सी घडी करून त्यांनी नवऱ्याला परत दिली.

"नारियल तो ओरिजिनल है ना?"

"एकदम! आप के केरल का!" नवरा म्हणाला.

नारळ ते घेऊन गेले.

मैदान गेलं ते गेलंच. आता टीम आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत खेळते, गुडघे फोडून घेते आणि पोहे दुप्पट खाते. अंगात साधे पांढरे टी-शर्ट. पण पाठीवर दुकानाचं नाव हवंच, हा नवऱ्याचा हट्ट. या वेळी मात्र तो आधी दुकानात जाऊन विचारून आला.

"मैंने तो अब कुछ दिया नहीं," ते म्हणाले होते.

"पूरा एक सीझन दिया," हा म्हणाला.

ती नावं मी हाताने भरली, लाल दोऱ्याने, नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत.

पहिल्याच शुक्रवारी दुकानदार बघायला आले. सत्कार झाला, हे सांगायला नकोच. त्यांच्यासाठीही एक टी-शर्ट होता. तो हातात येताच त्यांनी सवयीने कॉलर उलटली. ती सवय मी लक्षात ठेवली होती. आत, लेबल असतं त्या जागी, मी तपकिरी दोऱ्याने एक छोटा नारळ भरला होता.

त्यांनी त्या नारळावरून अंगठा फिरवला. मग इस्त्रीच्या शर्टावरूनच त्यांनी तो टी-शर्ट चढवला आणि बुटांच्या नाड्या घट्ट बांधत विचारलं, "मैं किधर खेलूँ?"