चावीताईंची सात कुलपं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखाली चावीताईंचं दुकान आहे. नवरा गेल्यावर चाळिशीत त्या हा धंदा शिकल्या. कानशीच्या आवाजावरून चावी बसेल की नाही हे त्या सांगत. मी शिकवते त्या शाळेची अडलेली कपाटं त्यांनीच उघडली, आणि आत काय दिसलं ते कधी कुणाला सांगितलं नाही.

त्रेसष्टाव्या वर्षी त्या स्वतःच्या घराचं कुलूप बदलू लागल्या. दोन महिन्यांत सात वेळा! दुसऱ्या कुणाच्या घरी माणसं चपापली असती. इथे त्यांची मुलगी हसून म्हणे, "आई नवा माल तपासतेय." कुलूपवालीनं कुलूप बदललं तर नवल ते काय? पण एका दुपारी ताई म्हणाल्या, "वरच्या मजल्यावरची माणसं भिंतीतून येतात, माझ्याबद्दल कुजबुजतात." वर मजला नव्हताच, गच्ची होती. मुलीनं त्यांना मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"स्किझोफ्रेनिया," डॉक्टर म्हणाले. "उतारवयातही पहिल्यांदा होऊ शकतो. गोळ्यांनी पुष्कळ आटोक्यात येतो."

ताईंनी एवढंच विचारलं, "दुकानात बसू ना?"

"बसा. पण दमानं."

चार महिन्यांनी कुजबुज बरीच ओसरली, तरी मुलीला पटेना. "आई, जिचा स्वतःच्या भिंतीवर भरवसा नाही, तिच्या हाती घराच्या चाव्या कोण देईल?"

"ते लोकांना ठरवू दे. तू आधीच शटर पाडू नकोस."

शेवटी ठरलं: महिनाभर मुलगी शेजारी बसेल, मग दुकान ठेवायचं की बंद करायचं ते बघू. पहिले तीन आठवडे चिटपाखरू फिरकलं नाही. गल्लीत बातमी पोचली होती.

मग एका सकाळी बेकरीवाला धावत आला. "ताई, चावी कुलपात तुटली, आणि आत भट्टी पेटलेली!"

मी पावासाठी बेकरीसमोरच उभी होते; ताई आणि मुलगी हत्यारं घेऊन आल्या. ताईंनी बारीक आकडा कुलपात घातला आणि मध्येच थांबल्या. मान कलती.

"तुला कुणी बोललेलं ऐकू आलं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"नाही गं."

"मग ते माझंच." आणि हवेकडे बघून म्हणाल्या, "गिऱ्हाईक उभंय, नंतर बोल."

दोन मिनिटांत चावीचा तुकडा बाहेर, दार सताड उघडं.

भट्टी विझवून आलेल्या बेकरीवाल्यानं बिचकत विचारलं, "कुणाला दटावलंत?"

"माझ्या आजाराला. मेला फार बडबड्या आहे."

आधी ताईच हसल्या, मग आम्ही सगळे. इतक्या वर्षांत अनेक हुशार माणसं पाहिली, पण आपलं दुखणं चारचौघांत असं ताठ मानेनं सांगणारं माणूस विरळाच.

बेकरीवाल्यानं विचारलं, "नवी चावी करायचीय. दुकान चालू राहणार ना?"

प्रश्न मुलीला होता. तिनं आईकडे बोट दाखवलं. "मालकीणबाईंना विचारा. मी उद्यापासून माझ्या कामाला जाणार आहे."