भरलेली की रिकामी

सकाळी सोसायटीच्या गेटवर दूध घेत होते, तेवढ्यात चौकीदार म्हणाला, "आंटीजी, दामले अंकल नहीं रहे." झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी माझ्या चहाला नाक मुरडून गेलेला माणूस... मला खरंच वाटेना. त्याला आता महिना होऊन गेला.

दामले रेल्वेत पुलांचे इंजिनिअर, माझ्या यजमानांचे मित्र. इथे परप्रांतात, मयूर विहारमध्ये, आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचे. हलक्या गाड्यांसाठी बांधलेल्या जुन्या पुलांवरून आजच्या अवजड मालगाड्या जाऊ द्यायच्या की नाही, हे ठरवणं त्यांचं काम. गंज खरवडून खाली धड लोखंड किती उरलंय ते मोजायचं. मग भरलेली गाडी पुलावर उभी करायची, पूल किती वाकतो आणि गाडी गेल्यावर परत जागेवर येतो का, ते बघायचं. सगळ्यात कमजोर भाग जेवढं पेलेल तेवढीच पुलाची ताकद, असं ते सांगायचे. निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. संध्याकाळी चहाला बसलो की मागच्या रुळांवरून मालगाडी जायची. दामले बोट वर करून आम्हाला गप्प करायचे आणि मला विचारायचे, भरलेली की रिकामी? माझं उत्तर हटकून चुकायचं आणि त्यांना त्याचा कोण आनंद व्हायचा.

माझे यजमान गेले तेव्हा येणारा प्रत्येक जण मला धीर धरायला सांगत होता. दामले नुसतेच येऊन बसत. एकदा म्हणाले, "वहिनी, पूल कमजोर निघाला म्हणून आम्ही लगेच बंद नाही करत. गाडी तीच, वजन तेवढंच... वेग तेवढा कमी करायचा."

मी काय पूल आहे का, म्हणून मी त्यांच्यावर वैतागले. त्यांची बायको आमच्या ह्यांच्या आधीच गेली होती, हे मला ते उठून गेल्यावर आठवलं. मग मीही सावकाश जगायला शिकले. चहा तेवढा रोज दोघांचा होत राहिला.

आता भाजीवाल्याशी हिंदी, नातवाशी फोनवर इंग्रजी. मराठीत भांडायलाही कुणी उरलं नाही. फार एकटं वाटतं, लिहूनच टाकते.

काल चहा गाळताना गाडी आली. घरात बोलत कुणीच नव्हतं, तरी माझं बोट वर गेलं. खिडकीची काच बारीक थरथरत होती. शेवटचा डबा जाईपर्यंत थांबले आणि मोठ्याने म्हटलं, "भरलेली." बहुतेक चुकलंच असेल... पण आता सांगणार कोण?