अनसावैनीच्या चार खानावळी

दुपारची गर्दी होती. कोल्हापूरच्या आमच्या खानावळीत पंगतीमागून पंगत उठत होती आणि गल्ल्यावरचा फोन वाजला. गगनबावड्याहून दस्तगीर बोलत होता, आमचा पहिल्यापासूनचा आचारी. 'भाऊ, वैनी गेल्या.' मी विचारलं, 'कुठं?'... तो हुंदके द्यायला लागला, तेव्हा कळलं.

अनसावैनी माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा ट्रकवर होता, कोल्हापुरातून गूळ भरून कोकणात उतरायचा. साठच्या दशकातल्या एका पावसाळ्यात त्याचा ट्रक गगनबावड्याच्या घाटात वळणावर उभा सापडला. गूळ जागेवर, किल्ली जागेवर, दादा नाही. माणसं दरीत उतरून आली, हाती काही लागलं नाही. वैनीनं कुंकू पुसलं नाही. नातेवाईक कुजबुजायला लागले, तशी ती मोठ्यानं म्हणाली, 'मढं दावा, मग बोला.' पुढं तिनं कोल्हापुरात एसटी स्टँडजवळ खोली घेऊन खानावळ काढली. तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरी. पाटी लावलीच नाही, लोकच 'अनसाबाईंची खानावळ' म्हणायला लागले. मला वाटायचं, गिऱ्हाईक मिळावं म्हणून तिनं स्टँड धरला. पण गाडी आली की ती हातातलं काम टाकून दारात यायची आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघायची.

धंदा वाढला. दुसरी खानावळ मला रंकाळ्याकडं हवी होती. वैनी म्हणाली, हातकणंगले, स्टेशनासमोर. 'तिथं कोण येणार मटण खायला?' मी विचारलं. 'येतील की.' नंतर कळलं, दादासारखा एकजण तिथल्या फलाटावर बसलेला दिसला, असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. तिसरी खानावळ हुपरीला काढली, कारण पैंजण घडवणाऱ्या एका कारागिरानं तसाच माणूस एसटीतून उतरताना बघितला होता. दादा कुठंच भेटला नाही. खानावळी मात्र धो धो चालल्या. लोक माझ्या धोरणाचं कौतुक करायचे, मी मान डोलवायचो...

गगनबावड्याचं नाव मात्र तिनं कधी काढलं नाही. घाटमाथ्यावर हॉटेल काढा, जोरात चालेल, असं ड्रायव्हर सांगायचे. ती उठून आत जायची. मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका दुपारी एक एसटी ड्रायव्हर जेवता जेवता सहज म्हणाला, 'बाई, तुमचं नाव घाटातबी गाजलंय की. धुक्यात गाडी हळू केलती, तर एका पावण्यानं काचंजवळ येऊन इचारलं, अनसाची खानावळ कुठं आली?'

वैनीच्या हातातला डाव तसाच रश्श्यात राहिला. ड्रायव्हर गेल्यावर मी म्हणालो, 'वैनी, दादाला खानावळ ठाऊकच न्हवती. ती तो गेल्यावर निघाली.'

'तेच की,' ती म्हणाली. 'आणि मला नुसतं अनसा कोण म्हणतं?'

चौथी खानावळ गगनबावड्याला निघाली. पहिल्याच पावसाळ्यातली ती दुपार मला अजून सोडत नाही. धुकं पार दाराच्या आत आलं होतं, भरदुपारी दिवे लावले होते. एसटी बंद, गिऱ्हाईक कुणी नाही. मी गल्ल्यावर बसलो होतो. वैनी वाढलेलं ताट घेऊन कोपऱ्यातल्या बाकाकडं गेली. तिथं मला धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं, पण तिचा आवाज येत होता. जन्मभर ठसक्यात बोललेली बाई, आणि आवाज नव्या नवरीसारखा दबलेला. 'आणि रस्सा वाढू?... सावकाश जेवा. आता कुठं जायचं न्हाय.' परत आली तेव्हा ताट चाटूनपुसून रिकामं होतं.

'कोण आलतं?' मी विचारलं.

'गिऱ्हाईक.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर आली तेव्हा कपाळ पांढरं होतं. मी समजलो. आत जाऊन भावासाठी पहिल्यांदा रडलो. त्यानंतर सांगलीपासून बेळगावपर्यंतचे लोक शाखा मागायला आले. 'आता बास,' एवढंच ती म्हणायची. घाटमाथ्यावरच राहिली, तिथंच गेली.

तेराव्यानंतर मी गगनबावड्याला गेलो. खानावळ बंद करावी, असं मनात होतं. दुपार होती, बाहेर धुकं उतरत होतं. दस्तगीर कोपऱ्यातल्या बाकावर दोन ताटं मांडत होता.

'एक दादाचं. दुसरं कुणाचं?' मी विचारलं.

'वैनींचं की. उभा जन्म वाढत राहिल्या, कधी पंगतीला बसल्या न्हाईत. आता बसत्यात.'

मला तिकडं बघवेना. मी पाठ करून चुलीपाशी उभा राहिलो. मागं दस्तगीर म्हणाला, 'वैनी, भाकरी गरम हाय.' मग तो थांबला, कुणाचं तरी उत्तर ऐकत असल्यासारखा... आणि चुलीपाशी येऊन त्यानं आणखी एक भाकरी नेली.