पॉलिश केलेला फासा

आमच्या हुपरीच्या घरात दिवसभर पैंजणं घडायची, पण आईच्या पायात काही नसायचं. कामात तिचा उजवा हात भाजला, बोटं आखडली, आणि पैंजणाची दोन टोकं अडकवायचा फासा तिला लावता येईना. दुसऱ्यानं घालून दिलेलं तिला चालत नसे. "मी काय नवरी हाय व्हय?" म्हणायची.

मी तेव्हा कोल्हापूरला बारावी व्होकेशनलला होते. प्रॅक्टिकलला आपल्या डोक्यानं एखादी वस्तू डिझाइन करून, स्वतः बनवून न्यायची होती. पुढं पुण्याला जाऊन मला हेच शिकायचं होतं. वडिलांनी सांगूनच टाकलेलं, "बाहेरचा परीक्षक चांगलं म्हणला तर धाडतो. न्हायतर गप घरात बसून कड्या जोडायच्या."

मी एका हातानं लावता येईल असा पितळी फासा केला. आतल्या बाजूला कानशीनं मुद्दाम खरबरीत दात काढले. ते एकमेकांत रुतले की फासा सुटायचा नाही. दिसायला गबाळाच होता, पण आईनं डाव्या हातानं तो लावला आणि उगीच पाणी आणायला, उगीच तुळशीकडं अशी घरभर हिंडली. मला तर आभाळ ठेंगणं झालं!

परीक्षेदिवशी सकाळी मी वेणी घालत होते, तेवढ्यात पॉलिशची मोटर सुरू झाली. बिनपॉलिशचा माल उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही, हा आमच्या घरातला दंडक. मी धावले तोवर फासा आतबाहेर लखलखत होता. वडिलांनी तो सदऱ्याला पुसून माझ्या हातात ठेवला.

"काळा माल घेऊन चाललीवतीस व्हय गं? आता बघ की, डोळं दिपतील त्यांचं."

दात पार गेले होते. एसटीची वेळ झालेली. आणि त्यांचा चेहरा इतका फुललेला, की मी फासा तसाच पिशवीत टाकला. काय बोलणार, कपाळ?

परीक्षकांनी फाशावरून बोट फिरवलं. "कुणाकडून करून आणलंस?"

"मीच केलाय, सर."

"खोटं बोलू नकोस. हे पॉलिश कारागिराच्या हातचं आहे." त्यांनी जरासं ओढलं आणि फासा सुटला. आत दात होते, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "दाखव." काय दाखवू?

वडील काम टाकून कॉलेजच्या गेटबाहेर येऊन उभे होते. "काय म्हणलं?"

"पॉलिश चांगलंय म्हणाले." ते एवढे खूश झाले, की मला तिथंच रडावंसं वाटलं.

निकालात मी कशीबशी पास झाले. त्या आठवड्यात मामा आले, त्यांनी पुण्याचं विचारलं. मी तिथंच कड्या जोडत बसले होते.

"पोरीत दम न्हाय ओ पावणं," वडील म्हणाले. "मी एवढं चकचकीत करून दिलतं, तरी हिला जमलं न्हाय."

दात कशानं गेले ते आईला ठाऊक होतं. तिनं बोलायला तोंड उघडलं. मी मानेनंच तिला नको म्हटलं.