लिफ्टवाल्या काकांचं चऱ्हाट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या काकांना कुणी ‘चहा घेणार का?’ विचारलं, तरी ते आपल्या पहिल्या नोकरीपासून सुरुवात करत. मुद्द्याशी त्यांचा छत्तीसचा आकडा होता. त्यांनी तोंड उघडलं की लोकांना घरची कामं आठवत.

एकदा एका दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक शिक्षिका एकट्याच होत्या. दिवाही गेला होता. त्या घाबरून दार बडवत होत्या. ब्रेकचा भाग आणायला काकांचा जोडीदार गेला. त्याला तासभर तरी लागणार होता. काका वरच्या मजल्यावर दाराच्या फटीशी मांडी घालून बसले.

"बाई, घाबरू नका. लिफ्ट खाली पडत नाही. पडला होता तो माझा मेहुणा, स्वतःच्याच लग्नात. त्याचं असं झालं..."

मेहुण्यावरून गाडी त्याच्या नव्या बुटांवर गेली, बुटांवरून शाळेवर, शाळेवरून हरवलेल्या छत्रीवर. हळूहळू दार बडवणं थांबलं.

"अहो, पण मेहुण्याचं काय झालं?" आतून आवाज आला.

"तेच सांगतोय!" म्हणत काका पुन्हा छत्रीकडे वळले.

जोडीदार भाग घेऊन आला. लिफ्ट सुरू होऊन बाई बाहेर आल्या, तेव्हा घामाघूम होत्या. त्या घोटभर पाणी प्यायल्या आणि पायरीवरच बसल्या.

"हं, काका. आता सगळं सांगा."

काकांची गोष्ट आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलीच नव्हती. ते चटकन शेजारी बसले. जोडीदारानं एकट्यानंच हत्यारं आवरली.