पांढऱ्या कामाचे दिवस

घरात आणि कारखान्यात तिला सगळे ढब्बी म्हणत. हे नाव थोरल्या भावाने लहानपणी ठेवले, वहिनीने लग्न होऊन येताच उचलले आणि गणवेश शिवणाऱ्या त्यांच्या कारखान्यातले कारागीरही तेच वापरू लागले. हाक आली की ती निमूटपणे ‘ओ’ देई.

तिचे काम कोट-सदऱ्यांना बटणांची काजे करण्याचे. यंत्रावर काज झटपट होतात. पण वस्त्राची पारख असलेले गिऱ्हाईक अजूनही हातचे काज मागते. कापडाला चीर द्यायची, तिच्या काठाने टाके घेत जायचे, प्रत्येक टाक्याला गाठ मारायची. उजवा हात सुई खुपसतो आणि कापडाखाली डाव्या हाताची तर्जनी तिची वाट पाहत असते. उजव्या हाताच्या बोटात अंगुस्तानाची टोपी असते, डावे बोट उघडे ठेवावे लागते. सुईचे टोक कुठे उतरले हे त्या उघड्या त्वचेलाच कळायचे असते. टोचून घेणे हा त्या विद्येचाच भाग आहे. ढब्बीने ही विद्या व्रतासारखी सांभाळली होती. लग्न झाले नाही, वेगळे घर झाले नाही. भावाच्या छताखाली तिला जी काही प्रतिष्ठा होती, ती या काजांची होती.

आधी तिच्या उजव्या कानात नाडीच्या ठेक्यावर घरघर सुरू झाली. मग डोके दुखू लागले. मग जमिनीवरचे बटण उचलायला वाकले की क्षणभर डोळ्यांपुढे काळोख पसरू लागला.

“बटण उचलायला वाकली की हिला अंधारी येते,” वहिनी कारागिरांदेखत म्हणाली. “ताटावर वाकताना कधी आली नाही.”

सगळे हसले. ढब्बीही हसली.

पुढे एका कोटाचे काज खुणेच्या बाजूला पडले, तेव्हा मात्र दादा तिला तातडीने डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. डोळ्यामागच्या नसेचे मुख सुजले होते. तिथून मोठ्या रुग्णालयात रवानगी झाली. यंत्रावरच्या तपासणीत डोक्यात गाठ निघाली नाही. पाठीत सुई घालून मेंदूभोवतीचे पाणी काढले, तर त्याचा दाब भलताच वाढलेला.

“कशाने?” दादाने विचारले.

“कारण सापडत नाही,” मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वजन जास्त असलेल्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं, इतकंच सांगता येतं.”

“मग हिचं खाणं बंद करतो. त्याला एवढं यंत्र कशाला लागतं?”

घरी गेल्यावर त्याने शब्द पाळला. तिच्या पुढ्यातले ताट निम्मे झाले आणि उरलेल्या निम्म्यावर रोज विनोद होऊ लागले. दाब उतरवणाऱ्या गोळ्यांनी तिच्या बोटांना मुंग्या येत. सुई कुठे आहे हे तर्जनीला समजेना. वजन थोडे उतरले, पण नजर कडेकडेने आकसतच गेली. शेजारी उभे असलेले माणूस बोलल्याशिवाय तिला कळेना.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावले. “डोक्यातलं रक्त बाहेर नेणारी मोठी शीर एका जागी चेपलीय. रक्त अडतं, पाण्याचाही निचरा होत नाही. तिथे जाळीची बारीक नळी बसवू, स्टेंट म्हणतात तिला. मांडीच्या शिरेतून वर नेता येते. डोकं उघडायची गरज नाही.”

“तुंबलेली मोरी म्हणा की,” दादा म्हणाला.

“तसं समजा. पण आता थांबलो तर डोळे जातील.”

नळी बसली. शुद्धीवर येताच ढब्बीला जाणवले की कानातली घरघर थांबली आहे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. परिचारिकेने काही दुखते का विचारले, तर तिने नाही म्हणून मान हलवली. पुढच्या काही आठवड्यांत दाराची चौकट, खिडकीचा काठ, शेजारच्याचा खांदा, एकेक वस्तू आपल्या जागी परत आली.

“जाळी शिरेला परकी असते,” घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावले. “तिच्यावर आतून अस्तर धरेपर्यंत रक्त गोठू द्यायचं नाही. म्हणून या दोन गोळ्या. एक दिवसही चुकवायच्या नाहीत.”

अस्तर हा शब्द ढब्बीला फार आवडला. ती पुन्हा काजांना बसली.

परंतु आता तर्जनीला टोचले की रक्त थांबेना. गडद कापडावर ते कोणाला दिसत नसे. मग एका मोठ्या हॉटेलच्या वाढप्यांचे पांढरे, बंद गळ्याचे कोट आले आणि पहिल्याच कोटाच्या छातीवर लाल ठिपका उमटला. दादाने तो सर्वांसमोर तिच्या अंगावर फेकला.

“खाटकाकडनं आणलाय का हा?”

“गोळ्यांनी होतं रे दादा.”

“मग गोळ्या खात बस. काजांना दुसरी बघतो.”

“नळीसाठी सांगितल्यात त्या.”

“नळी बसली ना? बसलेली नळी काय उठून पळणारे?”

दुसरी बघतो, हे शब्द तिच्या जिव्हारी लागले. तिने कोणालाही न विचारता तोडगा काढला: पांढरे काम असेल त्या दिवशी गोळ्या नाहीत, रंगीत कामाला बसली की घ्यायच्या. तिला ही वाटणी न्याय्य वाटली. धन्याचेही राहील, डॉक्टरीणबाईंचेही. आधी दोन-चार दिवस डाग पडतच राहिले, मग थांबले. दादाने एक कोट उजेडात धरून पाहिला आणि “आता कसं” म्हणाला. भावाच्या तोंडून इतके कौतुक तिने पूर्वी ऐकले नव्हते. हॉटेलने आणखी कोट मागवले. त्यानंतर कित्येक आठवडे रंगीत काम आलेच नाही.

एका सकाळी घरघर परतली. डोकेदुखी तिने दोन दिवस लपवली. कोट पोचते करायचे होते. तिसऱ्या दिवशी सुईचे नेढे सापडेना, आणि दुपारपर्यंत हातातले पांढरे कापडही दिसेनासे झाले.

नळीत रक्त गोठले होते. डॉक्टरीणबाईंनी ते काढले, वाट पुन्हा मोकळी केली, दाबही उतरला. डोळ्यामागची नस मात्र वाळून गेली होती, आणि वाळलेली नस परत येत नाही.

“गोळ्या कुणी बंद केल्या?” त्यांनी विचारले.

दादा खिडकीबाहेर पाहू लागला. वहिनीने पदर सावरला.

“कुणी नाही,” ढब्बी म्हणाली. “माझं मीच.”

दादाने सुटकेचा श्वास टाकला. तो इतका मोठा होता की तिला स्पष्ट ऐकू आला.

काजांना दुसरी मुलगी बसली. ढब्बीची खुर्ची तिलाच दिली, खुर्ची चांगली होती म्हणून. ढब्बीला आतल्या खोलीत पलंगावर बसवून वहिनीने तिच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या.

“आता खा वेळच्या वेळी,” ती म्हणाली. “आता कुठे डाग पडणारे?”

ढब्बीने पाणी मागितले. वहिनी तोवर निघून गेली होती. ढब्बीने गोळ्या तशाच, कोरड्या, एकेक करून गिळल्या.