जाड टायरची सायकल आणि आखाजी

त्या सायकलीचं नाव काढलं तरी आता माझं डोकं फिरतं. बुऱ्हाणपूरला बुधवाऱ्यातल्या आमच्या घरात ती जिन्याखाली उभी आहे. टायरमधली हवा गेली, साखळीला गंज चढला. बायको हँडलवर ओले टॉवेल वाळत घालते. घालू दे, तेवढा तरी उपयोग होतो.

काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखरेचा धाक घातला आणि चालायला सांगितलं. मला चालण्याचा भारी कंटाळा. इतवाऱ्यात माझं कापडाचं दुकान आहे. दिवसभर गादीवर बसायचं, थान उलगडायचं, परत गुंडाळायचं, पोट सुटणारच. इंदूरला माल घ्यायला गेलो तेव्हा एका दुकानात ही सायकल दिसली. हँडल रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड, खडी, माती, वाळू कशावरही चालणारे. दुकानदार तिला ग्रॅव्हल बाईक म्हणत होता. आमच्या गल्लीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘शेठची घोडी’ ठेवलं. समोरचा पानवाला रोज विचारायचा, शेठ, मोटरसायकल विकली काय? हौसेला मोल नसतं म्हणून मी पुढं निघायचो.

माझ्याबरोबर दोघं असायचे, एक शाळेतला मास्तर आणि एक दातांचा डॉक्टर. रविवारी उजाडता उजाडता ताप्ती ओलांडायची, जैनाबादवरून आहुखान्याच्या, म्हणजे जुन्या बादशाही शिकारबागेच्या, पडक्या भिंतींपाशी थांबून पाणी प्यायचं. बादशहानं बेगमेला आधी इथंच पुरलं होतं, मग उचलून आग्र्याला नेलं. नेलं तर नेलं, आम्हाला गवत आणि बाभळी ठेवल्या. तिथून पुढं नदीच्या काठानं जुनी गाडवाट लागायची. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला केळीच्या बागा. मधे माझ्या मामाचं गाव. गाव मागं पडलं की खकनारकडचं सागाचं जंगल. तिथं रस्ता म्हणजे नुसते दगड, अन् उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाच्या फुलांचा वास. खरं सांगतो, तसा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

मामाच्या ओट्यावर आमचा मुक्काम ठरलेला. मामा सत्तरीला टेकलेला, आईचा एकुलता एक भाऊ. आम्हाला बट्टी आणि वरण खाऊ घातल्याशिवाय सोडायचा नाही. सायकलीच्या हँडलवर माझं एक छोटं यंत्र होतं. कुठून गेलो, किती चढलो, किती उतरलो, सगळं त्यात उमटायचं. मामाला त्याचं फार कौतुक. पारावरच्या लोकांना बोलावून दाखवायचा. पहा, माझा भाचा मशीन लावून सगळी जमीन मोजतो, म्हणायचा. मीही दात काढून हसायचो.

आईसाठी तर हा रस्ता म्हणजे रविवारची टपालगाडी होती. मी परत आलो की विचारायची, विहिरीला पाणी आहे का, लिंबाला बहर आला का, भाऊ वाळला तर नाही ना. आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात आणि त्यांना न्यायला माहेरचं माणूस येतं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आल्याशिवाय लेक जात नाही, मग ती पंचाहत्तरीची का असेना. आईला न्यायला मामा दर वर्षी स्वतः यायचा, मोटरसायकलवरून, डोक्याला पांढरं उपरणं गुंडाळून. मी सोडून देतो म्हटलं तर आई चिडायची. माहेर काय बाजार आहे, कोणीही पोचवून द्यायला, म्हणायची.

मागच्या होळीनंतर गावात नव्या रस्त्याचे लोक आले. तिपाईवरची दुर्बीण, लाल-पांढऱ्या काठ्या, चुन्याच्या खुणा. रेघ निघाली ती नेमकी नदीकाठच्या गाडवाटेवरून, मामाच्या आणि आणखी बऱ्याच जणांच्या केळीच्या बागा चिरत. सपाट जागा तेवढीच होती, कोणीही रस्ता तिथूनच नेला असता. पण गावाला ते कोण समजावणार? पारावर कोणीतरी म्हणालं, भाचा दोन वर्षं मशीन लावून काय करत होता मग? झालं. मामाचंच कौतुक माझ्या गळ्यात आलं.

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी गेलो तर गाडवाटेवर बाभळीचे काटे टाकलेले. बकऱ्यांसाठी असतील म्हणून आम्ही येड्यासारखे सायकली खांद्यावर घेऊन पलीकडं गेलो. पारावर कोणी रामराम घेतला नाही. एक म्हातारा अंगावर थुंकायचाच बाकी राहिला. मामा ओट्यावर बसला होता, पण आत या म्हणाला नाही. पाणीसुद्धा सुनेनं बाहेर आणून दिलं. हसून बोलला तो फक्त मामाचा मुलगा. दादा, काही दिवस या बाजूला येऊ नका, लोक गरम आहेत, रस्त्याची रेघ तुमच्या मशीननं मारली म्हणतात, असं त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं. मला वाटलं, एवढ्या लोकांत हाच एक आपला.

परत निघालो तर गावाबाहेर त्याचाच ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत पांढरे रंगवलेले दगड भरलेले, त्या रेघेवर रोवायचे. मास्तरनं ड्रायव्हरला सहज विचारलं. त्यानंही सहज सांगितलं की पहिल्या दिवसापासून ट्रॅक्टर याच कामावर आहे, अन् कोणाचा बांध कुठं आहे ते धाकटे मालक स्वतः दाखवतात. मामाच्या मुलाला केळीचा कंटाळा होता, रस्त्याला लागून ढाबा टाकायचा होता, हे मला आधीपासून माहीत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मास्तर म्हणाला. पण मी काही संन्यासी नाही. माझं रक्त उकळत होतं. फक्त आखाजी जवळ आली होती, म्हणून आईसाठी गप्प बसलो.

आखाजी आली, मामा आला नाही. आदल्या दिवसापासून आई दारात बसून होती. मोटरसायकलचा आवाज आला की उठायची, मग गुडघा धरून परत बसायची. सणाच्या दुपारी तिनं पुरणपोळीचा घास मोडला आणि तसाच ठेवला. मला ते पाहवलं नाही. मी गाडी काढली आणि मामाकडं गेलो.

मामा बागेत एकटाच होता, ठिबकच्या नळ्या पाहत. मी ट्रॅक्टरचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तो हादरेल, मुलाला शिव्या घालेल. त्यानं हातातली नळी खाली ठेवली.

“मला मालूम आहे,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून मालूम आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. पोराचं नाव पारावर घेतलं तर गाव त्याला जगू देईल का? मला इथंच मरायचं आहे, बापू. तुझं काय, तू बुऱ्हाणपूरचा.”

मी म्हटलं, आणि माझी आई?

त्यानं नळी परत उचलली. मग म्हणाला, तिला आणली तर लोक म्हणतील, मामा-भाच्याचं आधीच ठरलं होतं. जरा थंडं होऊ दे.

पंचाहत्तरीच्या बाईनं काय थंडं व्हायची वाट पाहायची? मी त्याला जे जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आमच्याकडं मामा भाच्याच्या पाया पडतो, वय पाहत नाहीत. तो वाकला. मी पाय मागं घेतले आणि गाडीला किक मारली.

रस्ताभर मी ठरवत आलो की आईला सगळं सांगायचं. भाऊ भाऊ करते ना, कळू दे तिला भाऊ काय चीज आहे. घरी पोचलो तेव्हा ती दारातच होती. मी गाडी उभी करायच्या आत तिनं विचारलं, आजारी तर नाही ना तो? दुसरं काही तिच्या मनातच आलं नव्हतं.

ट्रॅक्टरची गोष्ट मी गिळून टाकली. मी म्हणालो, बरा आहे. त्याला वाटतं गावची जमीन मी मोजून दिली, म्हणून रागावलाय.

सांगताना मला वाटलं होतं, ती मामावर चिडेल, माझा पोरगा असा नाही म्हणेल. निदान एवढी तरी माझी आशा होती. ती पदराला बोटं पुसत राहिली. लहानपणापासून तो माझ्याशी खोटं बोलला नाही, म्हणाली. मग माझ्याकडं पाहिलं.

“कशाला मोजलं रे तू माझं माहेर?”